घरचं बीपी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डॉक्टरांकडे आपण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जातो. बाकीचे सगळे दिवस बीपी सांभाळायचं ते आपणच. त्यासाठी आधी काही समजुती दूर करायला हव्यात.

गैरसमज : त्रास नाही, म्हणजे बीपी नॉर्मल.
वस्तुस्थिती : वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. तोवर हृदय, मूत्रपिंड, डोळे आणि मेंदू यांच्या रक्तवाहिन्यांचं नुकसान होत राहतं. मोजल्याशिवाय ते कळत नाही.

गैरसमज : घरच्या मशीनचा भरवसा नाही.
वस्तुस्थिती : दंडाला पट्टा बांधायचं प्रमाणित डिजिटल मशीन भरवशाचं असतं, चूक बहुधा मोजण्यात होते. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा आणि हात छातीच्या पातळीला टेबलावर टेकवा. मोजताना बोलू नका. मिनिटाभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा मानतात, तर घरच्या सरासरीसाठी १३५/८५.

गैरसमज : आकडा खाली आला, आता गोळी बंद.
वस्तुस्थिती : बहुधा गोळी चालू आहे म्हणूनच आकडा खाली आलेला असतो. वजन घटलं, व्यायाम वाढला, तर डोस कमी होऊ शकतो. पण डॉक्टरांना विचारूनच.

गैरसमज : सैंधव कितीही चालतं.
वस्तुस्थिती : सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाचं मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमच्यापेक्षा, कमी हवं. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरायचं.

गैरसमज : औषधाच्या निर्णयात रुग्णाचा काय संबंध?
वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णांनी घरी बीपी मोजलं आणि डॉक्टरांशी आधीच ठरवलेल्या लेखी योजनेप्रमाणे औषध वाढवलं. वर्षभराने त्यांचं वरचं बीपी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ९ अंकांनी कमी होतं. मनाने डोस बदलणं वेगळं आणि ठरलेल्या योजनेप्रमाणे बदलणं वेगळं.

बीपी १८०/१२०च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं असं काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ला फोन करा. एरवी पुढच्या तपासणीला वही सोबत न्या आणि विचारा, "कोणता आकडा आला तर मी काय करायचं?" मिळालेलं उत्तर लिहूनच घरी या.