कान्हेरीच्या रानांतील सात लेणीं

पेरू देशांतील माचू पिच्चू हें इंका लोकांचें डोंगरी नगर १९११ सालीं हायरम बिंगहॅम यांनीं जगापुढें आणिलें. तेथें झऱ्याचें पाणी दगडी पाटानें आणून सोळा हौदांतून खेळविलें आहे. पाण्यावांचून डोंगरावर वस्ती होत नाहीं. हीच गोष्ट आमच्या बोरिवलीच्या अरण्यांतही पाहावयास मिळते.

कान्हेरीस शंभरांहून अधिक लेणीं आहेत. निजण्याबसण्यास दगडी ओटे, आणि बहुतेक लेण्यांच्या दाराशीं खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें. उतारावरील पन्हळींतून पावसाचें पाणी या टांक्यांत उतरे व भिक्षूंसाठीं सांठून राही. शिलालेखांत टांक्यास ‘पोढी’ म्हटलें आहे. एक पोढी कल्याणच्या सामिदत नांवाच्या सोनाराची देणगी आहे. ज्या मुलांस राजांचीं नांवें आठवत नाहींत त्यांनींही या सोनाराचें नांव ध्यानांत ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

याच अरण्यांत २०१५ सालीं संशोधक सूरज पंडित व त्यांचे सहकारी यांस आणखी सात लेणीं आढळलीं. त्यांचा घाट साधा, आणि टांकें एकाहीपाशीं नाहीं! मग तेथें राहणारे पीत काय? हीं लेणीं कान्हेरीच्याही आधींचीं असावींत, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. दुसराही एक संभव आहे. पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणीं राहावें असा भिक्षूंचा नियम होता. आणि त्या तीन महिन्यांत या डोंगरांत पाणी कोठें नाहीं, हें बोरिवलीकरांस सांगावयास नको.