बिवळ्याचं पाणी

आमच्या घरात सुतारकी पिढीजात. मी मात्र कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे साखर निघालेले शेजारीपाजारी औषधाचं पाणी पिण्यासाठी घेतलेला बिवळ्याच्या लाकडाचा पेला आधी मला दाखवायला आणतात. लाकूड खरं की नाही, तेवढं मी बघतो. पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं. ते काचेच्या ग्लासात ओतायचं आणि उन्हात काळ्या कापडापुढे धरायचं. कडेला निळी झाक दिसते. माझा भरवसा त्या निळाईवर.

याच निळाईने एकेकाळी युरोपातल्या पंडितांना चक्रावलं होतं. रॉबर्ट बॉइलने १६६४ साली तिच्यावर लिहिलं. ही निळाई देणारं आणि तिथे मूत्रपिंडाच्या विकारांवर म्हणून विकलं जाणारं लाकूड दोन झाडांचं होतं, एक मेक्सिकोतलं आणि एक फिलिपिन्समधलं. हा गुंता १९१५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सॅफर्डने सोडवला. पेले व्हायचे ते फिलिपिन्सच्या नाराचे, आणि नारा हा आपल्या बिवळ्याचा सख्खा भाऊ. दोघेही टेरोकार्पस या वंशातले, शेंगावर्गीय. शेंग मात्र शेंगेसारखी नाहीच: चपटी, गोल, मधे बी आणि भोवती पातळ पंख. अंदमानचा पडौक याच घरातला. सिनेमाने गाजवलेलं आंध्रचं रक्तचंदनही. त्याला चंदनाचा वास नाही आणि ते पाण्यात बुडतं. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९५ पासून निर्बंध आहेत, तरी तस्करी थांबलेली नाही.

वडिलांना औषधाशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी बिवळा म्हणजे चौकटी, बैलगाडीचं सामान, तबल्याचं खोड. ‘ओला बिवळा चुन्याच्या भिंतीला टेकवू नका,’ असं ते ओरडायचे, कारण पिवळा डाग पडतो. झाडाच्या सालीवर कोयता बसला की लालभडक चीक येतो आणि वाळून काळपट होतो. हा डिंक ‘किनो’ नावाने विलायतेला जायचा, जुलाबावर औषध म्हणून.

राहिला मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९८ च्या अभ्यासात नव्याने मधुमेह झालेल्या बऱ्याच रुग्णांची साखर बिवळ्याने आटोक्यात आली. पण तो लाकडाचा अर्क होता, मात्रा मोजून दिलेला, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पेल्यातल्या पाण्याची मात्रा कोण मोजणार? शिवाय पेला वापरून जुना झाला की रंगही फिका पडतो. पेला हवा तर ठेवा. गोळ्या बंद करून त्याच्यावर राहणाऱ्यांशी मात्र मी चक्क भांडतो.