जखम मनाची, उपचार साऱ्या माणसाचा

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. १९७० साली ते पूर्ण झाले. धरण पाहायला येणारे बरेच जण जवळच्या प्रतापगडावरही जातात. तिथे हजरत ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे आणि महादेवाचे देवस्थानही आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला दोन्ही समाजांचे भाविक इथे येतात. याच परिसरात, गोठणगावजवळ, तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. ती १९७२ साली वसली. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून तिबेटी लोक आजही या वसाहतीला ‘भंडारा’ म्हणूनच ओळखतात.

१९५९ साली आणि त्यानंतर तिबेट सोडून आलेल्या लोकांनी काय काय मागे टाकले होते! घर, जमीन, जनावरे, आईवडिलांच्या कबरी नव्हेत, पण त्यांच्या आठवणींच्या जागा. कुणी तुरुंग पाहिला होता, तर कुणाची मुले बर्फात वाटेतच गेली होती. भारतात आल्यावर अनेकांनी हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर दगड फोडले. थंड पठारावर जन्मलेल्या अशा माणसांना विदर्भाच्या उन्हात पुन्हा संसार मांडायचा होता. त्या काळी त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ कुठून येणार? आज आपण ‘पीटीएसडी’ म्हणजे आघातानंतरचा तणाव-विकार हा शब्द ऐकतो, पण तोसुद्धा अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत १९८० साली आला.

मग ही माणसे उभी कशी राहिली? या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रत्येक घराला उपयोगी पडणारे आहे.

शोध काय सांगतो?

तिबेटी निर्वासितांचा अभ्यास अनेकांनी केला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धरमशाला इथे नव्याने पोहोचलेल्या ७६९ निर्वासितांशी संशोधक बोलले. छळ, तुरुंग, जीवघेणा प्रवास असे पुष्कळ काही त्यांच्या वाट्याला आले होते. तरीही गंभीर मानसिक लक्षणे अपेक्षेपेक्षा खूपच कमी आढळली. मन सावरण्यासाठी त्यांचा सर्वांत मोठा आधार होता श्रद्धा आणि उपासना.

पण चित्राची दुसरी बाजूही आहे. १९९८ सालच्या एका अभ्यासात छळ सोसलेल्या निर्वासितांची तुलना छळ न सोसलेल्यांशी केली होती. छळ सोसलेल्यांमध्ये चिंताविकाराची लक्षणे जास्त निघाली. म्हणजे श्रद्धेने आधार मिळतो, पण जखम झालीच नाही असे होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आघात शरीरातही राहतो

अपघात, दंगल, पूर, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, यांपैकी काहीही झाले की मेंदूतली धोक्याची घंटा वाजते. धोका टळल्यावर ती थांबायला हवी. काही माणसांच्या बाबतीत ती थांबत नाही. दार जोरात आपटले की अंगावर काटा येतो. झोप लागत नाही, लागली तर तेच स्वप्न पडते. पोट दुखते, छाती भरून येते, सगळ्या तपासण्या मात्र ‘नॉर्मल’ येतात. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. एखादी हसरी सून गप्प होते आणि घरातले म्हणतात, ‘हिचा स्वभावच बदलला.’

दुःख शरीरात उतरते हे आपल्याला नवे नाही. हजरत याकूब (अलै.) यांची दृष्टी यूसुफ (अलै.) यांच्या विरहात गेली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते पैगंबर होते आणि सब्र करणारेही होते. तेव्हा रडणे म्हणजे सब्र सुटणे, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल्-बल्खी (निधन ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले. भीती, राग, दुःख आणि मनात घोळणारे विचार यांची त्यांनी वेगवेगळी चर्चा केली. शरीर आजारी पडते तसे मनही आजारी पडते आणि एकाचा त्रास दुसऱ्याला होतो, हा त्यांचा मुद्दा होता.

तिबेटी वैद्यकातही, ज्याला ‘सोवा रिग्पा’ म्हणतात, असाच विचार आहे. भय आणि शोक यांनी शरीरातला ‘लुंग’ म्हणजे वायू बिघडतो, असे ते मानते. त्यावर वैद्य आधी आहार आणि दिनचर्या सुधारतो, मग औषध देतो आणि त्यानंतर शेक, मालिश असे बाहेरून करायचे उपचार करतो. गरम, पौष्टिक जेवण, ऊबदार शांत जागा आणि जिव्हाळ्याच्या माणसांची सोबत हीसुद्धा त्या उपचाराचाच भाग आहे. भारत सरकारने २०१० साली कायद्यात दुरुस्ती करून या पद्धतीला मान्यता दिली. त्यातली प्रत्येक गोळी आधुनिक कसोटीवर उतरली आहे असा याचा अर्थ नाही. पण दुखावलेल्या माणसाला जेवण, झोप, ऊब आणि सोबत आधी द्या, हे शहाणपण कोणत्याही दवाखान्याने घ्यावे असे आहे.

समग्र उपचार म्हणजे काय आणि काय नव्हे

आजकाल ‘होलिस्टिक’ हा शब्द तेलाच्या बाटलीपासून शिबिराच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे दिसतो. ‘डॉक्टरच्या गोळ्या बंद करा, आमच्याकडे या’ असे कुणी सांगितले तर तो समग्र उपचार नव्हे, उपचाराचा एक मोठा तुकडाच काढून टाकणे होय.

आघातातून सावरण्याचे टप्पे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडले. आधी सुरक्षितता, मग घडलेले आठवून त्याचा शोक करणे आणि शेवटी पुन्हा माणसांत मिसळणे. हा क्रम महत्त्वाचा आहे. नवरा रोज मारत असेल, तर त्या बाईला ‘दीर्घ श्वास घे’ सांगून काय होणार? तिला आधी सुरक्षित छप्पर हवे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, ते याच समजुतीतून. जखमेवर पट्टी, मनाला समुपदेशन आणि कायद्याची माहिती, सारे एकाच ठिकाणी.

बोलण्याच्या उपचारांना भक्कम पुरावा आहे. आघातावर केंद्रित समुपदेशनाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली केली. त्याला शरीराच्या उपचारांची जोड देता येते. २०१४ साली अमेरिकेत ६४ महिलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या महिलांनी दहा आठवडे हळुवार योगासने केली. शेवटी त्यांच्यापैकी ३१ जणींत १६ जणी आजाराच्या व्याख्येतून बाहेर आल्या. दुसऱ्या गटात २९ पैकी ६ जणीच बाहेर आल्या. प्रयोग लहान आहे, पण दिशा दाखवणारा आहे. ज्यांना आसने नकोत त्यांनी रोज चालावे, सावकाश श्वास सोडावा. आपले शरीर पुन्हा आपल्या ताब्यात आहे, हा अनुभव मिळणे मोलाचे.

दवाही, दुआही

आपल्या घरांत अनेकदा पहिली वाट दर्ग्याची असते. ती वाट चुकीची नाही, पण तीच एकमेव वाट ठरली की घात होतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळूही शकले नाहीत आणि मेले. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे.

याच्या उलट उदाहरण गुजरातेत आहे. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा-दुआ’ उपक्रम चालला. मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले. दुआ झाली की तेच रुग्णाला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवू लागले. मुजावरांचा मान राहिला आणि रुग्णाचा उपचारही झाला.

घरात काय करावे?

कुणावर आघात झाला असेल तर ‘विसरून जा’ म्हणू नका आणि खोदून खोदून विचारूही नका. ‘मी इथेच आहे’ एवढे सांगा. जेवण-झोपेच्या वेळा सांभाळा. मय्यतीच्या घरी आपण शेजाऱ्यांनी जेवण पोहोचवतो. ही प्रथा पहिल्या तीन दिवसांनंतरही थोडी चालू ठेवता आली, तर फार मोठा आधार होईल. मुलांना शाळेत लवकर परतू द्या, खेळू द्या, चित्रे काढू द्या. कर्त्या माणसाला हळूहळू कामाला लागू द्या.

महिना उलटूनही झोप, भीती, चिडचिड कमी होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. मरणाचे बोलणे आले तर एक दिवसही थांबू नका. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. सुरू केलेल्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून अचानक बंद करू नका.

गोठणगावच्या त्या वसाहतीला कुण्या एका औषधाने उभे केले नाही. कसायला जमीन, मुलांना शाळा, प्रार्थनेला जागा आणि आपली भाषा बोलणारा शेजार, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. आपल्या घरातल्या दुखावलेल्या माणसाला नेमके यातले काय मिळालेले नाही, एवढे जरी आपण पाहिले, तरी उपचाराची सुरुवात झाली असे समजावे.