बी.एड.ची सनद आणि शिक्षकाची नेमणूक

पदवी झाली, बी.एड. झाले, की शिक्षकाची नेमणूक आज ना उद्या पदरात पडणारच, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की, पदवी, पात्रता आणि नेमणूक या तीन निरनिराळ्या बाबी आहेत असे सांगू जाणारा गृहस्थ अपशकुनी ठरतो.

बी.एड. ही डी.एड.हून वरची पदवी, तेव्हा तिच्या धारकास पहिलीचा वर्ग देण्यास हरकत कसली, हा युक्तिवाद दिसतो बिनतोड. आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१८ साली तशी मुभा दिलीही होती. परंतु ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण लहानग्यांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे असून त्याचे शिक्षण बी.एड.मध्ये मिळत नाही. बी.एड.धारकाचा अधिकार सहावीपासून पुढे; अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवीही हवी.

नाव नोंदवावे, परीक्षेपुरते जावे आणि सनद घ्यावी, हाही एक लाडका भ्रम. २०१५ पासून हा अभ्यासक्रम एकाऐवजी दोन वर्षांचा झाला आणि त्यातील वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. त्याआधी सूक्ष्म अध्यापन: समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच सहाध्यायी, अवघी पाच-सहा मिनिटे, आणि एकच कौशल्य, उदाहरणार्थ प्रश्न विचारण्याचे. पुढे सराव पाठ आले की पाठटाचणाच्या वहीत उद्दिष्टे, अध्यापक-कृती, विद्यार्थी-कृती, फलक-लेखन असे रकाने रात्री जागून भरावे लागतात, आणि सकाळी मागच्या बाकावर बसलेले प्राध्यापक, तासाची घंटा होण्यापूर्वीच, शेऱ्यांनी पान भरून टाकतात. (वही दुसऱ्याची उतरवणारेही असतात, पहिल्याच अनपेक्षित प्रश्नाला ते उघडे पडतात.)

आठवीपर्यंत शिकवण्यास शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, अनिवार्य. दीडशे गुणांपैकी साठ टक्के मिळवावे लागतात, राखीव प्रवर्गांस सवलत आहे. तिचे प्रमाणपत्र सात वर्षांत बाद होते ही धास्ती मात्र जुनी झाली, २०२१ साली ते आजीवन ग्राह्य ठरले. तरीही टीईटी म्हणजे नेमणुकीचा हुकूम नव्हे: भरतीसाठी अभियोग्यता चाचणी निराळी, पवित्र पोर्टलवरील पसंतीक्रम निराळा, आणि निवड झाल्यावरही माध्यमिक शाळेत तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून दरमहा अठरा हजारांच्या मानधनावर उमेदवारी.

एकदा कायम झालो की परीक्षांचे झेंगट सुटले, असे मानणाऱ्या जुन्या शिक्षकांचीही गफलत झाली. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्यांनी दोन वर्षांच्या मुदतीत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. तेव्हा चाळिशी उलटलेले कित्येक गुरुजी मुलांच्या उत्तरपत्रिका बाजूस सारून बालमानसशास्त्राची मार्गदर्शिका घेऊन बसले.