‘हवालदार’, ‘जुमला’ आणि ‘हजारी’ : हुद्दा व तुकडी यांचा संबंध

मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेविषयीच्या साधनांत हवालदार, जुमलेदार, हजारी, सरनोबत ही पदनामे वारंवार येतात. ती इतकी परिचित आहेत की त्यांच्या अर्थाची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा भासत नाही. परंतु एकच पदनाम निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या आकाराच्या तुकडीचा बोध करून देते आणि पदनामावरून सैन्यसंख्या काढताना या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास अनुमान चुकते. म्हणून या संज्ञांची व्युत्पत्ती आणि त्यांचा प्रत्यक्ष उपयोग ही दोन्ही एकत्र तपासून पाहणे इष्ट आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘हवाला’ हा अरबी शब्द. सोपवलेली गोष्ट, ताबा, जबाबदारी हा त्याचा अर्थ. त्याला ‘धारण करणारा’ या अर्थाचा ‘दार’ हा फारसी प्रत्यय लागून ‘हवालदार’ शब्द सिद्ध झाला. मराठीतील ‘हवाली करणे’ हा प्रयोग याच मूळ अर्थाचा साक्षी आहे. ‘जुमला’ हाही अरबी शब्द असून त्याचा अर्थ एकूण, बेरीज असा आहे. ‘हजारी’ मात्र फारसी ‘हजार’ या संख्यावाचकापासून आलेला. ‘सरनोबत’ याच्या मुळाशी ‘सर-इ-नौबत’ हा समास असून नौबत म्हणजे पाळी, पहारा. अर्थात पहाऱ्यावरील लोकांचा मुख्य. सर्वांत खालचा ‘नाईक’ तेवढा संस्कृत ‘नायक’ शब्दापासून आलेला आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या पाच नावांपैकी केवळ ‘हजारी’ हेच संख्या सांगणारे आहे. उरलेली चार नावे जबाबदारी, बेरीज, पहारा किंवा नेतृत्व दर्शवितात.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. कृष्णाजी अनंत सभासदाने इ. स. १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवकालीन फौजेची उतरंड दिली आहे. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी असा क्रम होता. पायदळात नऊ-दहा पाइकांवर नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर हजारी असे. या दोन उतरंडी शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे पागेचा हवालदार २५ लोकांचा, तर पायदळाचा हवालदार सुमारे ५० लोकांचा ठरतो. पागेचा जुमला १२५ स्वारांचा. पायदळाचा जुमला १०० ते १५० पाइकांचा. ‘जुमला’ म्हणजे बेरीज, आणि बेरजेत किती घटक धरावयाचे हे दळाच्या प्रकारावर अवलंबून होते.

खरी अडचण ‘हजारी’ या शब्दापाशी येते. वरील हिशेबाने पागेच्या हजाऱ्याच्या हाताखाली १,२५० स्वार येतात, आणि पंचहजाऱ्याच्या हाताखाली ६,२५०. नावात हजार असूनही संख्या हजाराची नाही. ‘हजारी’ ही पदवी मराठ्यांच्या पूर्वीपासून प्रचारात होती. मोगलांच्या मनसबदारीत ती माणसाचा दर्जा दाखवी. प्रत्यक्ष बाळगावयाच्या स्वारांचा आकडा ‘सवार’ या वेगळ्या शब्दाने दिला जाई. म्हणजे संख्यावाचक पदवीचे दर्जावाचक पदवीत रूपांतर आधीच घडून आले होते. शिवकालीन रचनेत हा शब्द पुन्हा प्रत्यक्ष तुकडीशी जोडला गेला. परंतु तुकडीचा आकार शब्दाने नव्हे, तर पंचवीस, पाच व दहा या पटींनी ठरला. दर्जाही सर्वत्र समान नव्हता : सभासदाच्या नोंदीप्रमाणे पागेच्या हजाऱ्यास १,००० होन, तर पायदळाच्या हजाऱ्यास ५०० होन वेतन होते.

‘हवालदार’ या पदाची व्याप्ती तर फौजेबाहेरही होती. निजामशाही व आदिलशाही कागदांत हवालदार हा मुलकी अधिकारी म्हणून दिसतो. शिवकाळी किल्ल्याचा मुख्य अधिकारीही हवालदारच. त्याच्या बरोबरीने सबनीस व सरनोबत असत. हा गडाचा सरनोबत आणि सर्व स्वारांचा सरनोबत नेताजी पालकर किंवा प्रतापराव गुजर यांच्या अधिकारात किती अंतर होते हे सांगावयास नको. नाव एक, अधिकार दोन. राज्याभिषेकप्रसंगी, इ. स. १६७४ मध्ये, सर्वोच्च सरनोबतास ‘सेनापती’ हे संस्कृत नाव मिळाले, ते एका अर्थी हा संदेह दूर करणारे ठरले. हवालदार व जुमलेदार ही नावे मात्र व्यवहारात टिकून राहिली.

पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत नाईक व हवालदार ही नावे ठराविक आकाराच्या, कवायती तुकड्यांतील पायऱ्यांना देण्यात आली. आजच्या भारतीय सेनेतही ती चालू आहेत. जमादार हे नाव मात्र इ. स. १९६५ मध्ये जाऊन त्याजागी नायब सुभेदार आले. एकेकाळी गड ज्याच्या स्वाधीन असे, त्याचे पदनाम आता एका छोट्या तुकडीच्या नायकास लागते. शब्दाचा मूळ अर्थ कायम आहे. ‘हवाला’ तेवढा लहान झाला आहे.

तात्पर्य, लष्करी पदनाम हे स्वतंत्रपणे संख्येचे प्रमाण मानता येत नाही. एखाद्या पत्रात ‘दोन हजारी रवाना केले’ अशा स्वरूपाचा मजकूर आढळल्यास दोन हजार लोक असा अर्थ घेण्यापूर्वी ते दळ पागेचे की पायदळाचे, कागद कोणत्या दरबारचा आणि कोणत्या काळचा, येथे हुद्दा अभिप्रेत आहे की तुकडी, हे प्रश्न विचारणे अवश्य आहे. पागेच्या रचनेप्रमाणे पाहिल्यास त्या एका शब्दात पाचशे स्वारांचा फरक दडलेला असतो.