वर्ल्ड बॅकअप डे : तुमचा बॅकअप खरंच परत येतो का?

३१ मार्च म्हटलं की आपल्याला आठवतो तो मार्च एंड. हिशेब, टॅक्स, धावपळ. पण याच तारखेला आणखी एक दिवस असतो, वर्ल्ड बॅकअप डे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने तो सुरू केला. हार्ड डिस्क गेल्यावर हळहळणाऱ्या कुणाची तरी पोस्ट त्याने इंटरनेटवर वाचली होती. एप्रिल फूलच्या आदल्या दिवशीची तारीखही मुद्दाम निवडलेली, म्हणजे उद्या आपलाच 'फूल' व्हायला नको!

माझा झाला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी घरचे सगळे फोटो एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकले आणि लॅपटॉपमधून डिलीट केले. आईला सांगितलं, "बॅकअप घेतलाय." काही महिन्यांनी ती डिस्क टेबलावरून पडली. आजीचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो गेले ते गेलेच. ती एकुलती एक प्रत होती, बॅकअप नव्हताच.

मोठ्यांचंही असंच होतं

१९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' चं काम चालू होतं. सर्व्हरवर चुकून डिलीटची कमांड चालली आणि सिनेमाच्या फाइल्स धडाधड गायब झाल्या. बॅकअप काढायला गेले तर तो धड नव्हता. वाचवलं गॅलिन सुसमन यांनी. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करायच्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. बॅकअपची जागा उघडली तर रिकामी! सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुळत नसल्याने बॅकअप फेल होत होता आणि तसं कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक कॉपी होती म्हणून निभावलं.

दोन्हीकडे बॅकअपची सोय होती. तो परत येतो का, हे मात्र कुणी वेळेवर तपासलं नव्हतं.

मग आपण काय करायचं?

१. ३-२-१ चा नियम पाळा. डेटाच्या एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली १ घराबाहेर. उदा. फोनमध्ये एक, हार्ड डिस्कवर एक, क्लाउडवर एक.

२. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल आणि तुम्ही ॲपमधून फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा गेला.

३. व्हॉट्सॲप बघा. सेटिंग्जमध्ये 'चॅट बॅकअप' उघडा आणि शेवटची तारीख वाचा. अँड्रॉइडवर हा बॅकअप गूगलच्या फुकट १५ जीबीमध्येच मोजला जातो. जागा भरली की नवीन बॅकअप अडतो.

४. परत आणून बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं. बॅकअपमधला एखादा जुना फोटो दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडा. उघडला तर तो बॅकअप. नाही उघडला तर आजच कळलं, हे बरंच झालं.

आणि हो, आई-बाबांचा फोनही तपासा. घरातले सर्वात जुने फोटो बहुतेक तिथेच असतात.