५० एमएम घेताय? आधी लेन्सवरची अक्षरं वाचा

निकॉनचा डी३५०० किंवा डी५६०० वापरणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकस मोटर नसते! २००६ च्या डी४० पासून निकॉनने नवशिक्यांसाठीच्या मॉडेलांतून ती काढली.

सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळणारी ५० एमएम एफ/१.८डी उलटी धरून बघा. धातूच्या कड्यात खाचेचा बारीक स्क्रू दिसेल. तो बॉडीतल्या मोटरने फिरायचा असतो. डी७२०० किंवा डी७५०० च्या माउंटमध्ये तो फिरवणारं छोटं टोक असतं, आपल्याकडे त्या जागी काहीच नाही. त्यामुळे लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकसची रिंग हातानेच फिरवावी लागते. फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका दिसतो. स्थिर वस्तूंना हे चालतं, पण पळणाऱ्या पोरांचे फोटो काढताना हमखास चुकतं.

आपल्याला हवी ती एएफ-एस, म्हणजे ५० एमएम एफ/१.८जी. मोटर लेन्समध्येच असते. एएफ-पी लेन्सही छान, पण डी३२०० किंवा डी५१०० वर त्यांचा फोकस चालत नाही.

कॅननच्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासून मोटर आहेच, तिथे हा प्रश्नच नाही.

पैसे देण्याआधी लेन्स स्वतःच्या बॉडीवर लावून, शटर अर्धं दाबून बघाच.